पुढची तारीख

रक्तदाबाच्या रुग्णाचा पहिला महिना सोपा जातो. आकडा बघून माणूस घाबरलेला असतो, घरातले मागे लागलेले असतात, गोळी वेळेवर पोटात जाते. अवघड असतो तो दुसरा महिना. आकडा खाली आलेला असतो, अंगाला काही जाणवत नसतं, तेवढ्यात भाताची लावणी येते आणि गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच पडून राहतात. मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पट्टा बांधून आकडा सांगायला पाच मिनिटं पुरतात. त्या माणसाने दुसऱ्या, तिसऱ्या, बाराव्या महिन्यातही परत यावं, यासाठी बाकीचा सगळा वेळ जातो, आणि तो तसा जायलाच हवा असं माझं मत आहे.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 21 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के जणांचा रक्तदाब एकतर वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. पारावर चार-पाच मोठी माणसं बसली असतील तर त्यात एक सापडणार. त्याला स्वतःला ते ठाऊक असेलच असं नाही. तपासायला बोलावलं की ठरलेलं उत्तर येतं, “आवं ताई, मला काय हुतंय? अजून दोन पोती उचलून माळ्यावर टाकतुया.” खरं बोलत असतो तो. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही. डोकं दुखलं, चक्कर आली, घाबरंघुबरं झालं की लोक म्हणतात बीपी वाढलं असेल. पण बऱ्याचदा कारण रात्रीचं जागरण, पित्त, रक्त कमी असणं किंवा बदलायला आलेला चष्म्याचा नंबर असतं. आणि ज्याचा वरचा आकडा 170 आहे तो मजेत बांधावर भाकरी खात असतो.

आत मात्र काम चालू असतं. जास्त दाबाने वाहणारं रक्त रोहिण्यांच्या भिंती जाड आणि कडक करत जातं. मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या, डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात. हृदयाला जोर लावून पंप करावं लागतं म्हणून त्याचा स्नायू जाड होतो आणि शेवटी थकतो. असं दहा-पंधरा वर्षं चाललं की एके दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने गळायला लागतं, हातातला तांब्या पडतो, आणि घरातले म्हणतात, अंगावरून वारं गेलं. अशा वेळी पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर एवढ्याच वेळात द्यावं लागतं. देवऋषाकडे नेण्यात किंवा तेलाने चोळत बसण्यात ते तास जातात. सरळ 108ला फोन करायचा.

एक गोष्ट मी आशाताईंच्या बैठकीत नेहमी सांगते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी गेले. डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यावेळी त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाब 300/190 होता. आदल्या वर्षीसुद्धा तो खूप वाढलेला होता आणि डॉक्टरांना ते माहीत होतं, पण नीट लागू पडेल असं औषधच तेव्हा नव्हतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जी गोळी मिळाली नाही ती आज आमच्या उपकेंद्राच्या कपाटात आहे, फुकट आहे आणि शेजारच्या वाडीतल्या आज्जीला चालत येऊन नेता येते. ती फळीवर पडून राहिली तर माझा जीव तुटतो तो यासाठी.

आकडा खोटा असेल तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून मोजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. आमचं उपकेंद्र चढावर आहे. माणूस चढ चढून, घामाघूम होऊन येतो आणि आल्या आल्या दंड पुढे करतो. मी त्याला पाच मिनिटं खुर्चीत बसवते. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीला, मांडीवर मांडी नाही. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी झाली का विचारते. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगते, कारण मूत्राशय भरलेलं असलं तरी आकडा चढतो. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवायचा. शर्टाची बाही वर सरकवून दंडावर तिचा घट्ट पिळा होत असेल तर हात बाहीतून काढायलाच सांगायचा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की नसलेला रक्तदाब दिसतो, म्हणून मोठा पट्टा वेगळा ठेवलाय. आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. हे सगळ्यात कठीण. आत्याबाई नेमक्या पट्टा फुगायला लागला की सुनेचा विषय काढतात, आणि नुसत्या बोलण्याने आकडा सहज आठ-दहाने वर जातो. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजते. वरचा 140 किंवा खालचा 90, यातला एक जरी गाठला किंवा ओलांडला तर दुसऱ्या दिवशी परत बोलावते. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला रुग्ण ठरवत नाही. अपवाद फार वाढलेल्याचा: 180/110 किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आमचा सातारा जिल्हा या कामात सुरुवातीपासून आहे. नोव्हेंबर 2017मध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले 25 जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या उपक्रमाला पुरस्कार मिळाला. त्यात नवं औषध कोणतंच नव्हतं. जुनीच औषधं, पण सगळ्यांना एकाच ठरलेल्या क्रमाने द्यायची असं ठरलं. आमच्याकडे बहुतेकांची सुरुवात अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमच्या एका गोळीने होते. महिन्याभराने आकडा 140/90च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन जोडायची, मग तिचा डोस वाढवायचा, त्यानेही भागलं नाही तर क्लोरथॅलिडोन. गरोदर बाईला किंवा ज्या बाईला दिवस राहण्याची शक्यता आहे तिला टेल्मिसार्टन चालत नाही. तिचा निर्णय डॉक्टर स्वतंत्र घेतात.

बाहेरच्या माणसाला हा क्रम रुक्ष वाटेल. मला त्याचं मोल कळतं ते मागणीपत्र भरताना. पूर्वी एका गावात दहा रुग्ण दहा कंपन्यांच्या दहा गोळ्या खायचे. कोणती किती मागवायची हे ठरवताच येत नसे. आता शंभर रुग्ण असतील तर महिन्याला अम्लोडिपिनच्या तीन हजार गोळ्या लागणार हे तोंडी हिशोबाने येतं, वर थोडा साठा ठेवायचा, दुसऱ्या पायरीवरचे जितके असतील तितक्या टेल्मिसार्टन. शिवाय क्रम ठरलेला असल्यामुळे सगळ्याच गोष्टींसाठी डॉक्टर समोर असावे लागत नाहीत. औषध सुरू करायचं, बदलायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा ई-संजीवनीवरचे डॉक्टर ठरवतात. पावसाळ्यात रेंज गेली तर खिडकीपाशी मोबाईल धरून उभं राहावं लागतं, पण होतं. एकदा बसलेली गोळी दर महिन्याला देणं, मोजणं, नोंद करणं हे उपकेंद्रावरच होतं. गोळीसाठी एसटीने तालुक्याला जायचं म्हणजे भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही गेली.

म्हणूनच गोळ्या एकावेळी तीस दिवसांच्या मिळाल्याच पाहिजेत, या एका गोष्टीवर मी हट्टाने बोलते. कधी वरून पुरवठा उशिरा येतो आणि आहेत त्या सगळ्यांना पुरवायच्या म्हणून दहा-दहा दिवसांच्या वाटायची वेळ येते. कागदावर सगळ्यांना औषध मिळालेलं असतं. प्रत्यक्षात खुरपणीला जाणाऱ्या बाईला महिन्यात तीन दिवस मोडून यायला सांगितलेलं असतं. ती एकदा येते, दुसऱ्यांदा येत नाही. तिसऱ्यांदा साठा आलेला असला तरी ती आलेली नसते. करोनाच्या काळात, 2020मध्ये, आशाताईंनी पोहोचवलेल्या गोळ्या घरपोच मिळाल्या आणि जास्त दिवसांच्या मिळाल्या. ज्याचा आकडा अनेक महिने स्थिर आहे त्याला आजही दोन-तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायला काय हरकत आहे? माझ्या दृष्टीने काही नाही.

प्रत्येक रुग्णाला क्यूआर कोड असलेलं कार्ड असतं. मोबाईलवर ते स्कॅन केलं की मागचे आकडे, चालू गोळी आणि पुढची तारीख दिसते. आणखी एक यादी दिसते, तारीख उलटून गेलेल्यांची. दिवसाचं काम मी त्या यादीपासून सुरू करते. आधी फोन. “मामा, गोळ्या संपल्या असतील, कधी येताय?” एवढंच. रागवायचं नाही, कारण रागावलेल्या माणसाकडे कोण परत येतं? फोन लागला नाही तर आशाताईला कळवायचं. तिला बरोबर माहीत असतं की मामा लेकीकडे गेलेत, की म्हैस व्यायलीय म्हणून घर सुटत नाही, की गोळी खाऊन पाय सुजले म्हणून मामांनी ती परस्पर बंद केलीय. ही तिसरी बातमी फक्त आशाताईच आणू शकते. मला तोंडावर कुणी सांगत नाही. अम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्याला सूज येते हे खरं आहे. त्यावर उपाय आहे, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. पण हे गोळी सुरू करतानाच सांगून ठेवलं तर माणूस परत येतो. नाही सांगितलं तर तो गोळीला नाव ठेवून घरी बसतो, आणि त्याच्याबरोबर आळीतले आणखी दोघं बंद करतात. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, कंबर मोजते, तंबाखूचं विचारते, गोळ्या पोहोचवते. या कामाच्या मानाने तिला मिळणारा मोबदला फार कमी आहे आणि हे बोलायला मला संकोच वाटत नाही.

बायका उपकेंद्रावर येतात. पुरुष येत नाहीत. त्यांना आमच्या वेळेत रान असतं, आणि रांगेत बसून तपासून घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मग मी आठवड्यातून एक सकाळ दूध डेअरीवर जाते. किटली घेऊन सगळेच येतात. फॅट लागेपर्यंत थांबायचं असतंच, तेवढ्यात बाजूच्या बाकड्यावर बसवून पट्टा बांधते. एकाचा आकडा निघाला की दुसरा आपणहून बाही वर करतो. डेअरीवर पहिल्यांदा सापडलेल्यांत चाळिशीतले बरेच असतात. त्यांची गोळी वेळेत सुरू झाली तर पुढचं बरंच टळू शकतं, म्हणून मला त्यांचं फार वाटतं.

त्यांचा एकच मोठा आक्षेप असतो. “गोळी एकदा लागली की जल्माची लागती म्हनं.” मी म्हणते, अण्णा, बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते, खोटं कशाला सांगू. पण तुमच्या डोळ्यावर चष्मा आहे, तो काढला की पेपर दिसत नाही. म्हणून चष्म्याची सवय लागली असं म्हणता का? गोळी दाब आवरून धरते, बंद केली की दाब हळूहळू पुन्हा जिथे होता तिथे जातो. आकडा बरा आला म्हणून गोळी सोडायची नसते. गोळी चालू आहे म्हणून तो बरा आलाय.

मिठाबद्दल नुसतं “कमी खा” असं सांगून काही होत नाही. प्रत्येक घर म्हणतं, आम्ही कमीच खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे भाजी-आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळं धरून चहाचा सपाट एक चमचा. हा चमचा कुणी मोजत बसणार नाही. म्हणून मी महिन्याच्या बाजाराचा हिशोब विचारते. घरात सहा माणसं. सहा पाचे तीस ग्रॅम रोजचे, महिन्याचे नऊशे. म्हणजे किलोच्या एका पुड्यात महिना निघून थोडं मीठ उरायला हवं. “मावशी, पुडे किती आणता?” दोन, कधी अडीच, असं उत्तर आलं की मावशीच बोटं मोजायला लागतात. मग कुठे जातं ते आपोआप निघतं: खर्डा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, भाताच्या पाण्यात टाकलेलं मीठ, ताटात डावीकडे वाढलेलं आणि ताकात ढवळलेलं. यातल्या दोन गोष्टी सोडवायच्या, सगळ्या नाही. ताटातलं वरचं मीठ आणि रोजचा पापड सुटला तरी खूप झालं. हल्ली शहरातून आलेली सून सैंधव आणते आणि आज्जी निर्धास्तपणे चिमूटभर जास्त टाकते. सैंधवही मीठच आहे, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असतं, रक्तदाबाला त्याचं वेगळं काही नाही. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे अंगदुखीची गोळी. रानात वाकून कंबर धरते, मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणलेली असते, ती रोज रात्री एक. या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, बीपीच्या गोळीचा असर कमी करतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. आकडा का उतरत नाही म्हणून डॉक्टर दुसरी पायरी गाठणार असतात, आणि कारण पिशवीच्या तळाशी असतं. म्हणून दर वेळी मी सगळी पिशवी टेबलावर ओतायला लावते. मिसरीची डबीही त्यातच निघते. तंबाखू आणि रक्तदाब ही दोन्ही एकाच माणसात असली तर हृदयाला धोका कितीतरी वाढतो, त्यामुळे डबीचा विषय मी सोडत नाही.

आमच्या तालुक्याचं एक दुखणं खास आमचं आहे. इथली घरटी एक-दोन माणसं मुंबईला. माथाडी कामगारांसाठी 1969चा कायदा ज्यांच्या लढ्यामुळे आला ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, आणि अजूनही इथली पोरं बाजार समितीत ओझी वाहायला जातात. ही माणसं जत्रेला आणि गणपतीला गावी येतात. तेव्हा तपासून गोळी सुरू होते, महिन्याचं औषध घेऊन गाडी पकडतात, आणि पुढे? मुंबईत खोलीवर आठ-दहा जण राहतात, पाळी पहाटेची, दवाखाना उघडतो तेव्हा हे कामावर. पुढच्या जत्रेला माणूस येतो तेव्हा आकडा पुन्हा पहिल्यासारखा असतो. मी आता सुरुवातीलाच विचारते: कोणत्या भागात राहता, जवळ महापालिकेचा दवाखाना कोणता, आणि कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये काढून देते. गोळीचं नाव आणि डोस कागदावर मराठीत लिहून देते, म्हणजे तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

उलट बाजूने कराडकडच्या कारखान्यांना बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात. हंगाम सुरू झाला की फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे अंधारात फडात, परत यायला संध्याकाळ. यांच्यासाठी सकाळी नऊची वेळ उपयोगाची नाही, म्हणून तिकडच्या माझ्या मैत्रिणी संध्याकाळी मुकादमाला सांगून कोपीवर जातात. तिशी-पस्तिशीच्या बायकांनाही वाढलेला रक्तदाब सापडतो. पाच महिने गोळी नीट चालते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाड्या एका रात्रीत निघून जातात. तेवढ्यासाठी मार्चपासूनच तयारी करावी लागते: जादा महिन्याच्या गोळ्या, कार्ड, आणि त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, की अमुक बाई येतेय, तिला अम्लोडिपिन चालू आहे, तिचं नाव यादीत घ्या. काही ठिकाणी लगेच घेतात. काही ठिकाणी दोन-तीनदा सांगावं लागतं, मग मी दोन-तीनदा सांगते.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे आईवडील गावी असतील. रविवारी फोनवर “तब्येत कशी आहे?” विचारलं की “बरी आहे” असंच उत्तर येणार, कारण त्यांना खरंच बरं वाटत असतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: शेवटचा आकडा किती आला, गोळ्या किती उरल्यात, आणि कार्डावर पुढची तारीख कोणती आहे. तारीख उलटली असेल तर आशाताईचा नंबर त्यांच्याकडे असतोच, तो मागून घ्या आणि तिला फोन करा.